टॉवर समोर दिसतोय, मग लिंक का लागत नाही? दोनशे वर्षांच्या एका गणिताची गोष्ट

डिश बसवायला आलेला माणूस शाळेच्या गच्चीवर उभा राहतो. डोळ्यांवर आडवा हात धरून समोरच्या डोंगरावरचा टॉवर शोधतो आणि म्हणतो, "दिसतोय की! लाईन ऑफ साईट आहे, होऊन जाईल." दुसऱ्या एखाद्या वाडीला कागद येतो: "डोंगराळ भाग असल्याने तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही."

घाटमाथ्यावर आणि कोकणात ही दोन वाक्यं आपण वर्षानुवर्षं ऐकतोय. एकात 'होऊन जाईल', दुसऱ्यात 'होणार नाही'. दोन्हींत आकडा मात्र नसतो. या प्रश्नाचं उत्तर आकड्यात देता येतं आणि त्यासाठी लागणारं गणित दोनशे वर्षं जुनं आहे. आधी ते विद्वानांच्या सभेत होतं, मग सैन्याकडे आणि टेलिफोन कंपन्यांकडे गेलं. आज ते एका छोट्याशा सॉफ्टवेअर लायब्ररीत मावतं आणि ती लायब्ररी कुणाच्याही लॅपटॉपवर फुकट चालते. हा प्रवास कसा झाला आणि त्याचा आपल्या ग्रामसभेशी काय संबंध, ते आज लिहितोय. पोस्ट मोठी आहे, दमानं वाचा.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. आपल्या हातातल्या मोबाईलपर्यंत येणारी लहर भिंतींवर, डोंगरांवर आपटत, वळत येते. तिचं गणित वेगळं आणि जास्त किचकट आहे. इथे मी बोलतोय ते दोन ठरलेल्या जागांमधल्या लिंकबद्दल. म्हणजे एका टॉवरवरची डिश आणि दुसऱ्या टॉवरवरची, किंवा टॉवरवरची आणि शाळेच्या छपरावरची. फायबर जिथे पोचली नाही तिथे गावातल्या टॉवरलाही नेट अशाच लिंकवरून मिळतं. ती लिंक कमजोर असली की टॉवर खाली उभा असून गावात सगळं गोल गोल फिरत राहतं.

रस्ते बांधणारा इंजिनिअर

या गणिताचा मूळ मालक ऑगस्टिन-झां फ्रेनेल. जन्म १७८८, फ्रान्सच्या नॉर्मंडी भागातला. पेशानं सरकारी रस्ते-पूल खात्यातला इंजिनिअर. आपल्या भाषेत पीडब्ल्यूडीचा माणूस. १८१५ मध्ये नेपोलियन परत आला तेव्हा फ्रेनेलनं त्याच्या विरोधात बाजू घेतली आणि नोकरी गमावली. आईच्या घरी बसून त्या मोकळ्या वेळात त्यानं प्रकाशावर प्रयोग सुरू केले.

तेव्हा मोठमोठे विद्वान न्यूटनच्या बाजूचे होते. प्रकाश म्हणजे कणांचा मारा, असं त्यांचं मत. फ्रेनेल म्हणाला, प्रकाश ही लहर आहे. पॅरिसच्या विज्ञान अकादमीनं याच विषयावर स्पर्धा लावली आणि १८१८ मध्ये फ्रेनेलनं आपला निबंध पाठवला. परीक्षकांत पॉइसाँ हा कट्टर कणवादी गणिती होता. त्यानं फ्रेनेलचंच गणित पुढे ताणून दाखवलं की हे खरं असेल तर गोल चकतीच्या सावलीच्या बरोबर मध्यभागी उजेडाचा ठिपका पडायला हवा. त्याच्या मते हा शुद्ध वेडेपणा होता. अरागो नावाच्या दुसऱ्या परीक्षकानं प्रयोग करून बघितला, तर ठिपका खरंच पडला! १८१९ मध्ये बक्षीस फ्रेनेलला मिळालं.

या कामात फ्रेनेलनं एक युक्ती वापरली होती. लहर एका बिंदूपासून दुसऱ्यापर्यंत जाते ती फक्त सरळ रेषेवरून जात नाही, आजूबाजूच्या जागेतूनही जाते. म्हणून त्यानं त्या जागेचे पट्टे पाडले. ज्या वाटेनं गेल्यावर सरळ वाटेपेक्षा फक्त अर्ध्या तरंगलांबीपर्यंतच जास्त अंतर पडतं, तो पहिला पट्टा. पुढच्या अर्ध्या तरंगलांबीपर्यंत दुसरा, आणि असंच पुढे. पहिल्या पट्ट्यातून आलेल्या लहरी पलीकडे एकमेकींना साथ देतात, दुसऱ्यातल्या त्यांना छेद देतात. म्हणून सगळ्यात महत्त्वाचा पहिला.

हा पहिला पट्टा दिसायला कसा? विटीदांडूतली विटी डोळ्यासमोर आणा. दोन्ही टोकं निमुळती, पोट फुगीर. एका टोकाला ही डिश, दुसऱ्या टोकाला ती डिश. लिंक नीट चालायची तर ही अख्खी विटी हवेत मोकळी असायला हवी. आजचे इंजिनिअर याला फ्रेनेल झोन म्हणतात आणि ती मोकळी जागा म्हणजे क्लिअरन्स.

आता मूळ प्रश्नाकडे या. टॉवर डोळ्याला दिसतो आणि तरी लिंक अडते, असं का? विटीचं पोट किती फुगणार ते तरंगलांबीवर ठरतं. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण अर्धा मायक्रॉन. दहा किलोमीटर अंतरावर प्रकाशाच्या विटीची मध्यावरची त्रिज्या निघते फक्त साडेतीन सेंटीमीटर. तेच सूत्र ५.८ गिगाहर्ट्झच्या वायफाय लिंकला लावलं तर त्रिज्या निघते ११.४ मीटर! डोळा खोटं बोलत नाही. तो त्याच्या लहरीपुरतं खरं सांगतो. त्याला झाडांच्या शेंड्यांमधली वीतभर फट पुरते. रेडिओला तिथे तीन-चार मजली घराच्या उंचीएवढी त्रिज्या लागते.

फ्रेनेल १८२७ मध्ये क्षयानं गेला, वय अवघं ३९. दीपगृहांच्या भिंगामुळे आजही त्याचं नाव दर्यावर्दी लोकांना माहीत आहे. रेडिओ लहरी हर्ट्झनं प्रयोगशाळेत दाखवल्या त्या १८८७-८८ च्या सुमारास, म्हणजे फ्रेनेल जाऊन साठ वर्षं झाल्यावर. आपलं गणित डोंगरावरच्या डिशला लागू पडेल हे त्या बिचाऱ्याला कधीच कळलं नाही.

पृथ्वीचं पोट

विटीच्या पोटासोबत आणखी एक पोट मोजावं लागतं, ते पृथ्वीचं. जमीन सपाट दिसली तरी लांब अंतरावर ती मध्ये फुगते. हे कष्टानं मोजलं गेलं ते आपल्याच देशात. १८०२ मध्ये मद्रासजवळ लॅम्ब्टननं सुरू केलेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगराचा नेम धरायचा असे. दख्खनमध्ये डोंगर होते, काम भागलं. गंगेच्या सपाट मैदानात डोंगर नाहीत, समोर झाडं आणि पृथ्वीची गोलाई. तेव्हा जॉर्ज एव्हरेस्टनं १८३० च्या दशकात तिथे मुद्दाम दगड-विटांचे उंच मनोरे बांधून घेतले. शिवाय रात्री दिवे लावून नेम धरले, कारण रात्रीच्या हवेत उजेड किंचित वाकतो आणि दूरची वस्तू उचलल्यासारखी दिसते. म्हणजे लांबची लिंक, मध्ये अडथळा, उपाय म्हणून टॉवर आणि हवेमुळे वाकणारी वाट. मोबाईल टॉवरची सगळी डोकेदुखी मोजणीवाल्यांनी दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीच भोगली होती.

रेडिओची वाटही हवेत वाकते. १९३३ मध्ये अमेरिकन संशोधकांनी सोपी तोड काढली. पृथ्वी आहे त्यापेक्षा चार-तृतीयांश पट मोठी आहे असं धरायचं आणि रेडिओची रेषा सरळ काढायची. हा ४/३ चा आकडा आजही जगभर पहिल्या हिशोबाला वापरतात.

खडकी, दौंड आणि मग छोट्या लहरी

सुरुवातीच्या रेडिओला या विटीची चिंता नव्हती. मार्कोनीच्या लांबलचक लहरी जमिनीला धरून जात. पुढे शॉर्टवेव्ह आली, ती आकाशातल्या आयनांच्या थरावरून परावर्तित व्हायची. आपल्या पुण्याजवळ १९२७ मध्ये सुरू झालेली इंग्लंडची बीम वायरलेस सेवा याच प्रकारची. खडकीहून संदेश सुटायचे, दौंडला घेतले जायचे. हजारो मैलांचा पल्ला होता, पण मध्ये कुठला डोंगर आडवा येतो हे बघायचं कारण नव्हतं.

छोट्या लहरींचं काम आपल्याकडे आधीच झालं होतं. जगदीशचंद्र बोसांनी १८९५ च्या सुमारास कलकत्त्यात मिलिमीटरमध्ये मोजायच्या लहरींवर प्रयोग केले आणि भिंतीपलीकडे घंटा वाजवून दाखवली. पण अशा लहरी कामाला लागायला बराच काळ गेला. ३१ मार्च १९३१ ला इंग्लिश खाडीच्या दोन काठांवर, डोव्हर आणि कॅलेजवळच्या कड्यांवर तीन-तीन मीटरच्या डिश लावून साधारण ४० किलोमीटर पल्ल्याचं प्रात्यक्षिक झालं. तरंगलांबी १८ सेंटीमीटर, ताकद वॅटच्या अर्ध्याच्या आसपास. एवढ्या किरकोळ ताकदीत बोलणं ऐकू गेलं, कारण दोन्ही टोकं उंच कड्यांवर होती आणि मध्ये फक्त समुद्र. विटी मोकळी होती!

मग युद्ध आलं. रडारमुळे मायक्रोवेव्हची यंत्रं झपाट्यानं सुधारली. नोव्हेंबर १९४७ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क ते बॉस्टन मायक्रोवेव्ह साखळी सुरू झाली, मध्ये सात रिले टॉवर. १९५१ मध्ये ती साखळी एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत गेली, १०७ टॉवर, दोघांत साधारण ५० किलोमीटर. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांचं सॅन फ्रान्सिस्कोमधलं भाषण पूर्व किनाऱ्यावर टीव्हीवर त्याच क्षणी दिसलं.

हे टॉवर किती उंच लागत असतील याचा हिशोब आपणही करू शकतो. चार गिगाहर्ट्झ आणि ५० किलोमीटर धरा. विटीची मध्यावरची त्रिज्या साधारण ३१ मीटर. त्यातली निदान ६० टक्के मोकळी हवी, म्हणजे १८ मीटर. पृथ्वीचं पोट आणखी ३७ मीटर. बेरीज ५५ मीटर. अगदी सपाट, झाड नसलेल्या मैदानातसुद्धा दोन्हीकडे ५५ मीटरचे टॉवर! डोंगर मिळाला तर हीच उंची निसर्ग फुकट देतो. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झाल्यावर पुण्यासाठी मनोरा सिंहगडावर उभा राहिला तो काही देखाव्यासाठी नाही.

हा ६० टक्क्यांचा नियम लक्षात ठेवा. विटीची ६० टक्के त्रिज्या मोकळी असेल तर लिंक जणू मोकळ्या हवेत असल्यासारखी चालते. अडथळ्याची धार बरोबर रेषेला टेकली, म्हणजे डोळ्याला टॉवर 'जेमतेम दिसतोय', तर पोचणारी ताकद एक चतुर्थांश होते. चार आण्यातला एक आणा हातात!

तेव्हा हा सगळा हिशोब हातानं चाले. नकाशावरून उंचीचे आकडे काढायचे आणि वाकडी पायारेषा छापलेल्या खास आलेख कागदावर डोंगर रेखाटायचे. त्यावर पट्टी ठेवून रेषा मारायची. मोठाली सूत्रं टाळायला तीन उभ्या मोजपट्ट्यांचे तक्ते असत. दोन पट्ट्यांवरचे आकडे पट्टीनं जोडले की तिसरीवर उत्तर. बेल कंपनीच्या केनेथ बुलिंग्टननं १९४७ मध्ये असे तक्ते प्रसिद्ध केले.

गणित कुणाच्या हातात होतं?

आता गोष्टीतला खरा मुद्दा. गणित छापलेलं होतं, पण ते करायला तीन गोष्टी लागायच्या: उंची दाखवणारा नकाशा, लहर वापरायची परवानगी आणि आकडेमोड करणारं यंत्र किंवा माणूस. आपल्याकडे या तिन्ही गोष्टी सरकारच्या कुलुपात होत्या. बिनतारी यंत्र बाळगायला १९३३ च्या कायद्यानं परवाना लागायचा. तारखात्याचा कायदा तर १८८५ चा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे तपशीलवार नकाशे सीमा आणि किनारपट्टीच्या भागात सामान्य माणसाला मिळत नसत. म्हणजे रत्नागिरीच्या शाळामास्तरानं ठरवलं असतं तरी त्याला आपल्याच गावामागच्या डोंगराची अधिकृत उंची मिळवणं कठीण. 'तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही' या वाक्याला उलट प्रश्न विचारायची सोयच नव्हती.

कुलपं एकेक करून उघडली, तीही वेगवेगळ्या हातांनी.

पहिलं आकडेमोडीचं. १९६८ मध्ये अमेरिकन सरकारी प्रयोगशाळेत अनिता लाँगली आणि फिल राइस यांनी खडबडीत जमिनीवर रेडिओ किती क्षीण होतो त्याची संगणकी पद्धत मांडली. सरकारी पैशातलं काम म्हणून ती सगळ्यांना खुली राहिली. पुढे हौशी रेडिओवाल्यांनी, ज्यांना आपण हॅम म्हणतो, त्यांनी ती घरच्या संगणकावर आणली. कॅनडाच्या रॉजर कूदे यांचं 'रेडिओ मोबाईल' आणि अमेरिकेच्या जॉन मॅग्लियाकेन यांचं 'स्प्लॅट' ही त्यातली गाजलेली नावं. दोन्ही फुकट.

दुसरं नकाशाचं. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर अंतराळयानानं ११ दिवसांच्या मोहिमेत रडारनं पृथ्वीच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली. आधी आपल्या भागाची माहिती ९० मीटरच्या चौकटीत मिळायची. २०१४ पासून ३० मीटरच्या चौकटीतली माहितीही टप्प्याटप्प्यानं खुली झाली. इस्रोनंही आपल्या उपग्रहावरून काढलेली उंचीची माहिती 'भुवन'वर ठेवली. आणि १५ फेब्रुवारी २०२१ ला केंद्र सरकारनं नकाशांबाबतचे नियम बरेच सैल केले.

तिसरं परवान्याचं. जानेवारी २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा घराबाहेरही, ठरलेल्या ताकदीच्या मर्यादेत, परवान्याशिवाय वापरायला मोकळा झाला. २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झमधला मोठा भाग खुला झाला.

मोकळीक मिळाल्यावर लोकांनी काय केलं बघा. तमिळनाडूत थेनीच्या अरविंद नेत्र रुग्णालयानं लांब पल्ल्याच्या वायफायनं खेड्यातली तपासणी केंद्रं जोडली, डॉक्टर शहरात आणि रुग्ण आपल्या गावात. आयआयटी मुंबईच्या 'ग्राम मार्ग' प्रकल्पानं पालघरमध्ये टीव्हीच्या यूएचएफ पट्ट्यातल्या रिकाम्या जागा वापरून गावं जोडली आणि २०१७ मध्ये मोझिलाचा पुरस्कार मिळवला. तिकडे व्हेनेझुएलात एर्मान्नो पिएत्रोसेमोली यांच्या गटानं २००७ मध्ये दोन डोंगरांमध्ये तब्बल ३८२ किलोमीटरची वायफाय लिंक लावली. तेवढ्या अंतरावर मध्यभागी पृथ्वीचं पोटच भरतं जवळजवळ २.१ किलोमीटर! अँडीजसारखा उंच डोंगर टोकाला होता म्हणून जमलं.

लायब्ररीत काय असतं?

मी स्वतः जी वापरतो ती पायथन भाषेतली छोटी लायब्ररी आहे. लायब्ररी म्हणजे इथे वाचनालय नव्हे, दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या तयार हिशोबांचा गठ्ठा. तिच्यात मुख्य कामं चारच. दोन टोकांमधली जमिनीची उंची ओळीनं काढणं, प्रत्येक ठिकाणी पृथ्वीचं पोट मिळवणं, तिथली विटीची त्रिज्या काढणं आणि ६० टक्के जागा मोकळी आहे की नाही ते सांगणं. सूत्र तर दहावीच्या मुलाला जमेल असं आहे. अडथळ्यापासून दोन्ही टोकांची अंतरं किलोमीटरमध्ये घ्या आणि त्यांचा गुणाकार करा. एकूण अंतर गुणिले गिगाहर्ट्झमधली फ्रिक्वेन्सी, यानं त्याला भागा. वर्गमूळ काढून १७.३ नं गुणा. उत्तर मीटरमध्ये.

एक उदाहरण करून बघू. आकडे समजण्यासाठी घेतलेत. शाळेची जमीन ७०० मीटर उंचीवर, टॉवरची ७४० वर, अंतर १० किलोमीटर. टॉवरवर डिश ३० मीटर उंच. शाळेपासून ३ किलोमीटरवर ७१२ मीटरचं टेकाड, त्यावर १२ मीटरची झाडं. लिंक ५.८ गिगाहर्ट्झ.

त्या टेकाडावर विटीची त्रिज्या येते १०.४ मीटर, तिचे ६० टक्के ६.३ मीटर. पृथ्वीचं पोट १.२ मीटर. म्हणजे अडथळ्याचा माथा ७२५.२ मीटर.

शाळेवर २० मीटरचा खांब उभारला तर तिथे रेषा ७३५ मीटरवरून जाते. मोकळी जागा ९.८ मीटर. लागते ६.३. पास!

आता कुणीतरी खर्च वाचवायला खांब १० मीटरचा केला. रेषा येते ७२८ वर, मोकळी जागा उरते २.८ मीटर. गच्चीवरून टॉवर मात्र छान दिसतोय. लिंक पहिल्या दिवशी लागेलही, फोटो निघतील, बिलही निघेल. पण जवळजवळ निम्मी ताकद तिथेच गेली आणि हाताशी राखीव काही उरलं नाही. दोन-तीन पावसाळ्यांत झाडं चार मीटर वाढली की रेषाच फांद्यांत घुसते. मग गाव म्हणणार 'नेट गेलं', कंपनी म्हणणार 'लाईट नसेल', आणि कार्यालय म्हणणार 'काम पूर्ण झाल्याचा दाखला आहे'. तिघांत कुणीच टेकाडाकडे बघणार नाही. २० मीटरचा खांब असता तर तेवढी झाडं वाढूनही ५.८ मीटर जागा उरली असती, नियमाच्या अगदी काठावर.

हा दहा मीटरचा फरक म्हणजे सार्वजनिक पैशाचा प्रश्न आहे. त्याला केवळ इंजिनिअरचा विषय म्हणून सोडून देता येत नाही. देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायती जोडायची योजना २०११ मध्ये मंजूर झाली, तीच आज भारतनेट. जुलै २०२२ मध्ये केंद्रानं अजून ४जी न पोचलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटी रुपये मंजूर केले. यातल्या दुर्गम गावांत खांब किती उंच आणि मध्ये काय आडवं, हे पैसे खर्च होण्याआधी तपासलं गेलं की नाही, हे विचारायचा हक्क आपला आहे. लॉकडाउनमध्ये कोकणातली पोरं अभ्यासाला डोंगर चढून जात होती, ते आपण विसरलो नाही ना?

माझ्या ओळखीच्या एका वाडीला असंच एका ओळीचं नकाराचं पत्र आलं होतं. खात्याचं नाव घेत नाही. मी आकडे टाकून बघितले. सरळ लिंक खरंच शक्य नव्हती, मध्ये पठाराची कड ४० मीटर वर येत होती. पत्र त्या अर्थानं खरं होतं. पण दुसऱ्या बाजूच्या सड्यावर, जिथे पाण्याची टाकी आणि वीज दोन्ही आहे, तिथून दोन टप्प्यांत लिंक मोकळी निघत होती. पत्रात तेवढं एक वाक्य असतं तर वाडीचं वर्ष वाचलं असतं. गावकऱ्यांनी आकड्यांसकट पुन्हा अर्ज केलाय. उत्तर यायचंय.

लायब्ररीच्या मर्यादा

आंधळा विश्वास इथेही नको. उपग्रहाची उंची ३० मीटरच्या चौकटीची असते, सह्याद्रीची अरुंद धार त्यात बोथट होऊन जाते. झाडांची उंची कुठे अर्धी धरलेली असते, कुठे नसतेच. म्हणून आकडा काढल्यावर अडथळ्याच्या जागी पायी जाऊन यायला पर्याय नाही. मेगाहर्ट्झच्या जागी गिगाहर्ट्झ टाकलं तर उत्तर जवळजवळ बत्तीस पट चुकतं, तेव्हा एक हिशोब हातानं पडताळायचा. शिवाय विटी मोकळी आहे म्हणजे लिंक चालेलच असं नाही. पाऊस, दुसऱ्यांचे सिग्नल, वीज, डिशचा नेम, हे सगळं पुढे आहेच.

आणखी एक. फ्रिक्वेन्सी कमी केली की विटी जाड होते. वरच्या उदाहरणात ५०० मेगाहर्ट्झ धरलं तर ६० टक्क्यांसाठीच २१ मीटर लागतात, म्हणजे नियमात लिंक नापास. तरी पालघरच्या प्रयोगानं तोच पट्टा निवडला, कारण या लांब लहरी झाडीतून जास्त सहज पार होतात आणि डोंगराच्या कडेवरून थोड्या वळतातही. म्हणजे एका आकड्यावरून 'होईल' किंवा 'होणार नाही' ठरत नाही. आकडा समोर असला की निदान चर्चा कशावर करायची ते कळतं.

मग आपण काय विचारायचं?

पुढच्या वेळी गावात डिश किंवा टॉवर येणार असेल, किंवा नकाराचं पत्र आलं असेल, तर ग्रामसभेत हे पाच प्रश्न विचारा:

१. लिंकचं दुसरं टोक कुठे आहे आणि अंतर किती?
२. फ्रिक्वेन्सी कोणती?
३. मध्ये सगळ्यात मोठा अडथळा कुठे आणि झाडांसकट किती उंच?
४. त्या जागी विटीची किती टक्के त्रिज्या मोकळी आहे?
५. झाडं वाढतील हे धरून खांबाची उंची ठरवली आहे का?

चांगला इंजिनिअर या प्रश्नांवर चिडणार नाही. त्याच्याकडे हा कागद तयारच असतो, तो आनंदानं दाखवेल. ज्याच्याकडे नसेल त्याला तो बनवायला दहा मिनिटं लागतात.

गावातली अकरावी-बारावीची सायन्सची मुलं हे काम सहज करतील. भौतिकशास्त्रात त्यांना फ्रेनेलचं नाव भेटलेलं असतं, ते परीक्षेपुरतं. त्याच नावानं आपल्या शाळेच्या खांबाची उंची ठरते हे त्यांना एकदा करून दाखवा. कुणाला आपल्या गावाचा हिशोब करायचा असेल तर दोन्ही टोकांच्या जागा आणि खांबांची उंची कमेंटमध्ये टाका. आपण सगळ्यांसमोर आकडे मांडू, म्हणजे चूक असेल तर कुणीही दाखवू शकेल.

आणि ही पोस्ट गावाच्या ग्रुपवर टाका. सरपंच, ग्रामसेवक आणि मुख्याध्यापक तिथे असतातच.